बीटलचा ऑटोमॅटिक चोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं जुन्या, एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटलच्या सोलेक्स कार्ब्युरेटरबद्दल (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आहे. माझ्याकडे १९७२ ची १६०० सीसी बीटल आहे, कार्ब्युरेटर सोलेक्स ३४ पिक्ट-३, मुक्काम पुणे. इथे दिलेली उत्तरं त्या गाडीवर हात काळे करून मिळालेली आहेत. दुसऱ्या गाड्यांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

ऑटोमॅटिक चोक म्हणजे नेमकं काय? आम्ही तर ॲम्बेसेडरला दांडी ओढायचो.

काम तेच, फक्त हात बदलला. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. बरंचसं पेट्रोल मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणारी नळी) भिंतींना चिकटून बसतं आणि सिलिंडरपर्यंत पोचतं ते कमीच. म्हणून सुरुवातीची दोन-तीन मिनिटं पेट्रोल जास्त आणि हवा कमी द्यावी लागते. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक गोल झडप असते. ती मिटली की हवा अडते, खालची ओढ वाढते आणि जेटमधून (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) जास्त पेट्रोल वर येतं. ॲम्बेसेडरमध्ये, पद्मिनीत, अगदी चेतक स्कूटरवरसुद्धा हे आपण हाताने करायचो, आणि चोक आत ढकलायला विसरलो की सिग्नलला मागून काळा धूर निघायचा.

बीटलमध्ये १९६० च्या ऑगस्टपासून, ३४ अश्वशक्तीच्या इंजिनाबरोबर, हे काम एका स्प्रिंगकडे गेलं. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी करून ती कार्ब्युरेटरच्या उजव्या अंगाला एका डबीत बसवली आहे. थंडीत गुंडाळी आवळते आणि झडप मिटते, गरम झाली की सैल पडते आणि झडप उघडते. तिला गरम करायला डबीत विजेची तार आहे. इग्निशन चालू केलं की तार तापायला लागते. इंजिन खरंच किती तापलंय हे त्या बिचाऱ्या स्प्रिंगला थेट कळत नाही, ती फक्त स्वतःपुरती तापते. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं तिच्यातूनच येतात.

माझ्या गाडीवर कोणता कार्ब्युरेटर आहे हे कसं कळणार?

बॉडीवरच ओतीव अक्षरांत लिहिलेलं असतं: २८ पिक्ट, ३० पिक्ट-१, ३४ पिक्ट-३ वगैरे. पहिला आकडा म्हणजे खालच्या थ्रॉटलच्या (ॲक्सिलेटरने उघडणारी दुसरी झडप) भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. गाडीच्या कागदांवरून अंदाज बांधू नका. पन्नास वर्षांच्या गाडीचा कार्ब्युरेटर एकदा तरी बदललेला असतोच. आणि डबीवर ६ व्होल्ट आहे की १२ हे वाचा. १९६७ च्या आसपास बीटल ६ वरून १२ व्होल्टवर गेली, त्यामुळे जुन्या सुट्या भागांच्या पेटीत दोन्ही सापडतात. ६ व्होल्टची डबी १२ वर लावली तर झडप झटकन उघडते आणि तारही लवकरच जळते.

चोक बिघडलाय हे कशावरून ओळखायचं?

सकाळी थंड गाडी चार-पाचदा सेल्फ मारल्याशिवाय पेटत नसेल, किंवा पेटून लगेच मरत असेल, तर चोक मिटत नसण्याची शक्यता आहे. उलट गाडी पटकन सुरू होते, पण दहा मिनिटांनीही गुरगुरत, अडखळत चालते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लग काजळीने माखतात आणि ॲव्हरेज कोसळतं, तर चोक उघडत नाहीये.

दुसरा प्रकार जास्त घातक. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. बीटलच्या चेंबरमध्ये मोजून अडीच लिटर ऑइल, त्याला फिल्टर नाही, नुसती जाळी. आणि तेच ऑइल इंजिन थंड ठेवायलाही हातभार लावतं. डिपस्टिक काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर चोक दुरुस्त करून ऑइल त्याच दिवशी बदला.

म्हणजे लगेच चोकला हात घालायचा का?

नाही. चोक सगळ्यात शेवटी. सकाळी गाडी नीट सुरू होत नाही याची कारणं डझनभर असतात आणि चोक हा त्यातला सगळ्यात दिसणारा, म्हणून त्याच्यावर आळ येतो. आधी पॉइंटचा (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा संपर्क) गॅप ०.४ मिलिमीटर आहे का बघा. मग टॅपेटचा (इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळचा) गॅप, इंजिन पूर्ण थंड असताना, ०.१५ मिलिमीटर. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. मग कुठून हवा खेचतेय का ते. थ्रॉटलचा दांडा त्याच्या भोकात झिजून खडखडत असेल तर तिथून चोरून हवा आत जाते, आणि तुम्ही चोक कितीही आवळलात तरी मिक्स्चर लीनच (पेट्रोल कमी, हवा जास्त) राहतं. बोटांनी दांडा वर-खाली हलवून बघा. हलला तर बॉडीला बुश मारून घ्यावा लागेल.

या चार गोष्टी नीट केल्यावर माझ्या ओळखीच्या तीन गाड्यांपैकी दोन गाड्यांचा ‘चोक’ आपोआप बरा झाला.

सुरू करण्याआधी ॲक्सिलेटर दाबायचा की नाही? घरात यावरून दोन पक्ष आहेत.

एकदा, सावकाश, तळापर्यंत दाबून सोडायचा. मग पाय काढून सेल्फ मारायचा.

कारण असं, की कार्ब्युरेटरच्या डाव्या अंगाला चोकच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची एक कॅम आहे आणि थ्रॉटलचा स्क्रू तिच्यावर टेकलेला असतो. थ्रॉटल मिटलेला असताना हा स्क्रू कॅमला अडवून धरतो. स्प्रिंग कितीही ओढत असली तरी झडप मिटू शकत नाही. पॅडल दाबलं की स्क्रू बाजूला होतो, कॅम फिरते, झडप मिटते. पाय काढल्यावर स्क्रू वरच्या पायरीवर बसतो आणि थंड इंजिनाला थोडी जास्त रेस मिळते. शिवाय ॲक्सिलरेटर पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो, ती फुकटची मदत.

पाच-सहा वेळा पंप करणारे लोक पाच-सहा पिचकाऱ्या मारतात. मग गाडी ओव्हरफ्लो होते आणि दोष चोकला.

बरं, आता प्रत्यक्ष चोक कसा लावायचा ते सांगा.

गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. ‘दुपारी दोन तास थांबवली होती’ हे चालणार नाही. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, हे करायचं.

इंजिनचं झाकण उघडा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आत घेणारी पितळी नळी बोटांनी हलवून बघा. जुन्या सोलेक्समध्ये ती दाबून बसवलेली असते आणि कालांतराने सैल होते. ती निसटली तर पेट्रोलची धार सरळ गरम इंजिनावर. बीटल जळाल्याच्या गोष्टींमागे बहुतेकदा हीच नळी किंवा तडकलेला रबरी पाइप असतो. सैल असेल तर आजचं काम तिथेच थांबवा, आधी ती पक्की करून घ्या. आग विझवायचा छोटा सिलिंडर हाताशी ठेवा. पुण्यातल्या गल्लीत हे जरा नाटकी दिसतं, पण शेजारच्या काकांनी हसायचं ते हसू द्या.

एअर क्लीनर काढा. जुन्या गाड्यांत तो ऑइल-बाथ प्रकारचा असतो, म्हणजे आत खरोखरचं ऑइल असतं. सरळ धरून उचला. मी पहिल्यांदा तिरका धरला होता, तर चपलेत ऑइल.

आता कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावा. झडप दिसेल. थ्रॉटलची दांडी हाताने उघडून सोडा. बारीकसा ‘टिक’ ऐकू येईल आणि झडप मिटेल. मिटली नाही तर आधी ती मोकळी आहे का बघा. दांड्यावर पेट्रोलचा डिंक साचलेला असतो. कार्ब क्लीनरचे दोन फवारे मारा, बोटाने चार वेळा हलवा. निम्म्या गाड्यांत एवढ्यानेच काम होतं. मात्र तिथे ऑइल किंवा ग्रीस लावू नका, धूळ धरतं आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

झडप मोकळी असूनही नीट मिटत नसेल, किंवा फारच घट्ट मिटत असेल, तर उजवीकडची डबी. तिच्या कडेला एक कडं आहे, त्याला तीन स्क्रू. तिन्ही अर्धा-पाऊण फेरा सैल करा, काढू नका. डबी हाताने फिरेल इतपतच. डबीवर एक खाच किंवा रेघ दिसेल आणि बॉडीवर तीन खुणा. हात लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

डबी हळूहळू फिरवा आणि नजर झडपेवर ठेवा, डबीवर नाही. झडप नुकतीच मिटली की थांबा. आता करंगळीच्या नखाने झडपेची कड ढकला. नख लावताच ती उघडली पाहिजे आणि नख काढताच परत मिटली पाहिजे. दारावरचा हलका पडदा सारतो तितकाच जोर. ढकलताना स्प्रिंगचा ताण जाणवायला लागला तर तुम्ही जास्त आवळलंय, किंचित मागे या. तिन्ही स्क्रू आळीपाळीने, हलक्या हाताने घट्ट करा. कडं पातळ पत्र्याचं असतं, एकाच बाजूने आवळलं तर वाकतं.

मग गाडी सुरू करा आणि त्याच क्षणी मोबाइलवर घड्याळ लावा. इंजिन पेटताच झडप स्वतःहून थोडी उघडली पाहिजे. ते डायाफ्रामचं काम, त्याबद्दल खाली. त्यानंतर ती इतकी सावकाश उघडत जाते की हलताना दिसत नाही. मधून एकदा-दोनदा थ्रॉटल किंचित दाबून सोडा, म्हणजे स्क्रू पायरी उतरेल. तीन ते पाच मिनिटांत झडप पूर्ण उभी राहिली पाहिजे, वरून बघितलं तर फक्त तिची कड दिसेल.

पहिल्या मिनिटात इंजिन मरायला लागलं, रेस देताना ठसका लागला, तर मिक्स्चर लीन आहे. डबी खुणेच्या अर्ध्या अंतराएवढी आवळा. काळा धूर येऊन इंजिन घोड्यासारखं वर-खाली करत असेल तर तेवढीच सैल करा. पण हे उद्या सकाळी. आज इंजिन गरम झालं, आजचा दिवस संपला. लोकांची खरी चूक इथेच होते. गरम इंजिनावर पाच वेळा डबी फिरवतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही. दिवसाला एक बदल, आणि तो वहीत लिहायचा. माझा चोक बसायला चार सकाळी लागल्या.

कुठल्या बाजूला फिरवलं की मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) होतं?

ज्या बाजूला फिरवल्यावर झडप मिटते ती रिच. डोळ्यांनी बघून ठरवा. घड्याळाच्या दिशेने की उलट यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण सांगणारा कुठे उभा राहून सांगतोय हे तो कधी सांगत नाही.

पुस्तकात लिहिलंय डबीची खूण बॉडीच्या मधल्या खुणेला जुळवा. तसंच ठेवू का?

सुरुवात तिथूनच करा. पण ती खूण जर्मनीतल्या कारखान्याने ठरवलेली आहे, आणि तुमच्या डबीतली स्प्रिंग आता पन्नास वर्षांची किंवा कुठल्या तरी भलत्याच देशात बनलेली आहे. खुणेपेक्षा झडप काय करते ते खरं.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. मी चोक त्याच दिवसांत लावतो आणि मधल्या खुणेपेक्षा थोडा लीनच ठेवतो. मे महिन्यात सकाळीच २५ अंश असतात, तेव्हा झडप मिटत नाही, काही मिलिमीटर उघडी राहते. ते बरोबरच आहे. उन्हाळ्यात झडप मिटत नाही म्हणून डबी आवळणारे लोक थंडीत काळा धूर काढत फिरतात. मुंबईत, गोव्यात, कोकणात तर चोकची गरज बारा महिने जेमतेमच. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत त्याची बीटल उणे तापमानात गॅरेजबाहेर काढतो, त्याचं सेटिंग आणि माझं सेटिंग जुळण्याचा प्रश्नच येत नाही.

दहा मिनिटं झाली तरी झडप उघडत नाही.

डबीच्या मधल्या टोकावरची तार बघा. ती कॉइलच्या (ठिणगीसाठी जास्त व्होल्टची वीज करणारा भाग) १५ नंबरच्या टोकावरून येते, तिथूनच कार्ब्युरेटरच्या आयडल कट-ऑफ व्हॉल्व्हलाही (इग्निशन बंद करताच पेट्रोल तोडणारा) वीज जाते. इंजिन चालू असताना मल्टिमीटरने डबीच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. १३ ते १४ व्होल्ट असतील तर वीज ठीक. ११ च्या खाली असेल तर वाटेत गंजलेला जोड आहे किंवा डायनॅमो नीट चार्ज करत नाही. कमी व्होल्टला तार मंद तापते आणि चोक रेंगाळतो. मी एकदा तीन आठवडे डबीशी खेळत बसलो होतो, आणि दोष निघाला एका सैल चिमटीचा.

वीज ठीक असेल तर तार काढून डबीचा रेझिस्टन्स मोजा. काही ओहम दाखवले तर तार जिवंत आहे. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली, डबी बदला. नवी बसवताना स्प्रिंगच्या टोकाचा आकडा आतल्या दांडीत अडकलाय ना याची खात्री करा. नाही अडकला तर झडप वाऱ्यावर डुलत राहते आणि डबी कितीही फिरवा, काही होत नाही.

जाता जाता: इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू ठेवू नका. रेडिओ ऐकत बसलात तर चोक उघडून बसतो, शिवाय पॉइंट आणि कॉइलही तापते.

गाडी लगेच पेटते, पण पाच सेकंदांत गुदमरून बंद. पुन्हा पेटते, पुन्हा बंद.

व्हॅक्यूम डायाफ्राम फाटलाय. इंजिन पेटलं की मॅनिफोल्डची ओढ त्याला खेचते आणि तो झडप थोडी उघडतो, नाहीतर मिटलेल्या झडपेने इंजिन पेट्रोलमध्ये बुडतं. छोट्या झाकणामागे रबरी चकती असते, उजेडात धरून ताणून बघा. भेग डोळ्याला दिसते. २८ पिक्ट आणि ३० पिक्ट-१ मध्ये डायाफ्रामऐवजी छोटा पिस्टन असतो, तो काजळीने अडकतो. साफ करा, घासू नका.

इंजिन गरम झालं तरी रेस खाली येत नाही.

आधी झडप पूर्ण उभी आहे का बघा. असेल, आणि तरी रेस जास्त असेल, तर बहुतेक कुणीतरी कॅमवर टेकणारा थ्रॉटलचा स्क्रू पिळून ‘स्लो’ लावलाय. जुन्या ३० पिक्ट-१ वर ते चालायचं. ३४ पिक्ट-३ वर नाही. इथे हा स्क्रू झडप पूर्ण उघडी असताना कॅमच्या सगळ्यात खालच्या पायरीला नुकता टेकवायचा, वर पाव फेरा द्यायचा आणि विसरून जायचा. आयडलिंग (ॲक्सिलेटर न दाबता इंजिनाचं चालणं) डाव्या अंगाच्या दोन स्क्रूंनी लावायचं: मोठा बायपासचा, छोटा मिक्स्चरचा. छोटा हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन अडीच फेरे बाहेर, मग मोठ्याने रेस मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास. हे मात्र गरम इंजिनावर, चोक पूर्ण उघडलेला असताना.

लोणावळ्याला चहा-भजीला अर्धा तास थांबलो, नंतर गाडी सुरूच होईना. घरून तर एका सेल्फमध्ये निघाली होती.

वर म्हटलं तसं, स्प्रिंगला इंजिनाचं तापमान माहीत नाही. इंजिन अजून गरम आहे, पण विजेवर तापणारी डबी तोवर निवलेली असते. ॲक्सिलेटर दाबलात की झडप अर्धवट मिटते आणि गरम इंजिनाला थंड इंजिनाचं मिक्स्चर मिळतं. भरीला गरम कार्ब्युरेटरमधून पेट्रोलची वाफ होऊन मॅनिफोल्डमध्ये उतरलेली असते. पॅडल हळूहळू तळापर्यंत दाबा, तसंच दाबून धरा आणि सेल्फ मारा. पंप करू नका. पेटली की सोडा. दर वेळी हा त्रास होत असेल तर चोक जास्त आवळलेला आहे, पुढच्या थंड सकाळी थोडा सैल करा.

पावसाळ्यात महाबळेश्वरला गाडी अडखळायला लागली. खाली वाईला आल्यावर आपोआप ठीक. चोक का?

चोक नाही, पण लक्षणं अगदी त्याच्यासारखी. पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची उष्णता खेचली जाते. हवा गार आणि ओलीचिंब असेल तर कार्ब्युरेटरच्या गळ्यात खरोखरचा बर्फ धरतो. बीटलमध्ये यावर उपाय म्हणून मॅनिफोल्डच्या खालून एक बारीक नळी जाते, तिच्यातून एक्झॉस्टचा गरम धूर फिरतो. वर्षानुवर्षं काजळी साचून ही नळी बुजते. दहा मिनिटं गाडी चालवून नळीची दोन्ही टोकं हात न लावता, जवळ नेऊन अनुभवा. एक बाजू धगधगीत आणि दुसरी कोमट असेल तर बुजलीय. साफ करायला मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, जुन्या क्लचच्या केबलचा तुकडा आत घालून खरवडतात. कंटाळवाणं काम आहे, पण बुजलेल्या नळीचा दोष चोक आवळून झाकणारे लोक मी पाहिलेत. ते पेट्रोल पाजतात, आजार तसाच राहतो.

हल्लीच्या पेट्रोलने चोकवर काही परिणाम होतो का?

होतो. आता पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जेट तोच ठेवला तर इंजिन आधीपेक्षा लीन चालतं. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते, त्यामुळे थंड सकाळी कुरकुर वाढते. मला चोक जुन्या खुणेपेक्षा जरासा आवळावा लागला. पण गरम झाल्यावरही गाडी लीन वाटत असेल तर तो प्रश्न जेटचा आहे, चोकने सुटणार नाही. रबरी पाइप आणि डायाफ्राम इथेनॉल सोसणारे घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, ते पाणी धरतं.

मिस्त्री म्हणतात, ‘चोक काढून टाकू, आपल्याकडे कशाला लागतो?’

माझी गाडी मी घेतली तेव्हा झडप तांब्याच्या तारेने बांधून कायमची उघडी ठेवलेली होती. कुठल्या तरी गॅरेजने हा उपाय केला होता. गाडी सुरू व्हायची, खोटं कशाला बोलू. पण रोज सकाळी आठ-दहा वेळा पॅडल मारून, मग तीन मिनिटं पाय ॲक्सिलेटरवर ठेवून बसायचं, आणि सोसायटीतल्या सगळ्यांना कळायचं की मी ऑफिसला निघालोय. चोकने मोजून जे पेट्रोल द्यायचं ते मी पायाने अंदाजे ओतत होतो. मुंबईत बारा महिने राहणाऱ्या गाडीला हे खपून जाईल. पुण्याला, नाशिकला, नागपूरच्या थंडीत नाही.

हाताने ओढायच्या चोकचं किट मिळतं, ते डबीच्या जागी बसतं आणि केबल आत डॅशबोर्डपर्यंत येते. ते मला वाईट वाटत नाही. फक्त गाडी घरातले दोघं-तिघं चालवत असतील तर कुणीतरी एक जण चोक आत ढकलायला विसरणारच.

माझी गाडी बीटल नाही. हे लागू पडेल का?

तत्त्व तेच, स्प्रिंग गरम कशाने होते ते वेगळं. काही गाड्यांत कूलंटचं गरम पाणी डबीभोवती फिरतं, तिथे चोक इंजिनाबरोबरच तापतो आणि निवतो, त्यामुळे चहाच्या थांब्याचा त्रास कमी. वेबर ३२/३६ कार्ब्युरेटरचे तिन्ही प्रकार आहेत: डीजीव्ही हाताचा, डीजीएव्ही पाण्याचा, डीजीईव्ही विजेचा. जुन्या अमेरिकन गाड्यांत एक्झॉस्टजवळून गरम हवा नळीने आणतात. ती नळी गंजून फुटली की चोक उघडायला जन्म लागतो. अमेरिकन डब्यांवर रिच आणि लीनचे बाण कोरलेले असतात, तेवढी सोय. एडलब्रॉक १४०६ कार्ब्युरेटरला विजेचा चोक येतो, तिथेही स्क्रू सैल करून एकेक खूणच फिरवायची.

पद्मिनीवाल्यांनी हे वाचलं असेल तर आभार, पण तुमच्याकडे लावायला फक्त केबल आहे.

एकदा लावलेला चोक किती दिवस टिकतो?

माझा शेवटचा हात लागला त्याला आता तिसरा हिवाळा चालू आहे. दर दिवाळीनंतर, पहिल्या गार सकाळी, एअर क्लीनर उचलतो, थ्रॉटलची दांडी उघडून सोडतो, ‘टिक’ ऐकतो, नखाने झडप ढकलून बघतो. मग घड्याळ लावतो. गेल्या वेळी ती चार मिनिटं दहा सेकंदांत उभी राहिली. तेवढं वहीत लिहिलं आणि क्लीनर परत लावला, सरळ धरून.